नव्या चांदीचा टाक

आमच्या लग्नाची घाई माझ्या वडिलांच्या हृदयानं केली. तीन नळ्या बंद निघाल्या, बायपासची तारीख मिळाली आणि बाबा डॉक्टरांना म्हणाले, आधी मुलीचं कन्यादान, मग तुमची करवत. मी एकतीस वर्षांची, शाळेत नववी-दहावीला केमिस्ट्री शिकवणारी. "बघू पुढच्या वर्षी" हे एक वाक्य मी आठ वर्षं पुरवलं होतं. पण ऑपरेशन टेबलावर जाणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? आई पाच वर्षांपूर्वीच गेलेली. वसंत पंचमीला मुहूर्त बघावा लागत नाही म्हणून तोच दिवस धरला, आणि बघण्याच्या कार्यक्रमानंतर पाचव्या दिवशी मी यशवर्धनची बायको झाले.

स्थळ वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. यशवर्धन इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन इंजिनियर. सुखलियात दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, घरात फक्त आई, द्वारकाबाई. वडील प्रतापराव दहा वर्षांपूर्वी वारलेले. आमचे आणि त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत बरोबरीनं घोडे दामटत होते असं दोन्ही घरांत सांगतात. आता दोन्ही घरांत मिळून एक गंजकी तलवार आणि दोन टू-व्हीलर उरल्या आहेत. बघायला आला तेव्हा यश फार बोलला नाही, पण बाबांना पाणी हवंय हे माझ्याआधी त्याच्या लक्षात आलं. मला तेवढं पुरलं. पत्रिका बघायला आमच्याकडे वेळच नव्हता. त्यांनी मात्र माझी मागून नेली, विचार करायला तीन दिवस मागितले, आणि तीन दिवसांनी होकार कळवला.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला देव्हारा समजावून दिला. मी त्यांना आईसाहेब म्हणते, त्या घरात तशी रीत आहे. देव्हाऱ्यात टाक होते, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव आणि पितर. खंडोबा, भवानी, घोड्यावरचा एक वीर. पिढ्यानपिढ्या घासून सगळ्यांची नाकं सपाट झालेली. त्यांच्या शेजारचा एक टाक मात्र कोरा करकरीत होता. त्यावर एकटी उभी असलेली बाई, हातात काही नाही, पायाशी काही नाही. आईसाहेब म्हणाल्या, "रोज आधी हिला हळदीकुंकू, मग स्वतःला. हिला विसरू नको, बेटा." ही कोण, असं मी विचारलं. घरातलीच आहे, म्हणाल्या, आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेल्या. गॅसवर दूध नव्हतंच.

मला लगेच कळलं असं नाही. दोन दिवस मी तिला मुकाट्यानं कुंकू लावत राहिले. मग एकदा पोळ्या लाटताना माझ्या थोरल्या मामी आठवल्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एका बाईची चांदीची पुतळी असायची. नवी साडी, नवा दागिना, काहीही आधी त्या पुतळीला दाखवून मग मामी अंगाला लावायच्या. ती मामांची पहिली बायको. आमच्या लोकांत बिजवराशी लग्न करून आलेली बाई मेलेल्या सवतीची अशी पूजा करते, नाहीतर सवत तिला सुखानं नांदू देत नाही म्हणतात. आधी तिला, मग स्वतःला. सवतीशिवाय हा नियम मी कुणासाठी ऐकलेला नव्हता.

म्हणजे माझ्या नवऱ्याचं आधी लग्न झालेलं होतं आणि ती बायको मेलेली होती. टाकाची चांदी इतकी नवी होती की तिला मरून फार दिवसही झालेले नव्हते.

राग आधी आला, खोटं कशाला बोलू. बिजवर गळ्यात बांधला म्हणून मी एक अख्खी दुपार धुमसत काढली. भीती मागून आली. आईसाहेब देवळात गेल्या की मी घर धुंडाळायला लागले. कपाटं, पलंगाखालच्या पेट्या, माळ्यावरची सुटकेस. एखादी साडी, एखादी हेअरपिन, लग्नाचा अल्बम, काहीतरी सापडायला हवं होतं. काही नव्हतं. आमच्या इंदूरचा सफाईत पहिला नंबर असतो हे मला माहीत आहे, पण एका बाईचा अख्खा संसार इतका साफ करायला कुणीतरी मुद्दाम हात लावावा लागतो. शेजारणीला आडून विचारलं, तर ती म्हणाली, यश भिया तर एकदम सीधे, त्यांच्या घरात कधी कोणी लडकी पाहिलीच नाही. म्हणजे तिला कुणाच्या नजरेसही पडू दिलेलं नव्हतं, असा अर्थ मी काढला.

शेवटी जेवताना यशलाच विचारलं, तुमच्या आयुष्यात आधी कुणी होतं का. त्याचा घास हातातच राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, आईनं ताटाकडे. "नाही," तो म्हणाला. "क्यों, कुणी काही बोललं?" माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाथरूमच्या दाराची आतली कडी काढलेली होती.

मग एकामागून एक सुरू झालं. गॅसचा गीझर काढून टाकला. बाल्कनीला जाळी आली. माझी स्कूटी सर्व्हिसिंगला म्हणून गेली ती परत आलीच नाही. शाळेत सोडायला आणि न्यायला रोज तोच यायला लागला. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणाल्या, किती लकी आहेस. शेगडीजवळ मला उभं राहू देत नव्हते, फोडणी आईसाहेबच द्यायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यानं मला फुल बॉडी चेकअपला नेलं, सात नळ्या रक्त काढलं, आणि रिपोर्ट एकेक आकडा बोट ठेवून दोनदा वाचला. पुढे मी मेले की कुठला आजार दाखवायचा याची तयारी चालली आहे, असं मला वाटलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो मला आवडायला लागला होता. पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण मला जास्त लागतं हे त्यानं दोन दिवसांत ओळखलं होतं. मी पेपर तपासायला बसले की तो टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचा. अशा माणसाला घाबरायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाबांचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण तीन महिने त्यांना कसलंही टेन्शन द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते रोज राजेंद्र नगरहून फोन करायचे, सुखात आहेस ना विचारायचे, आणि मी मजेत म्हणायचे. मी घरी परत गेले तर बाबा जातील आणि इथे राहिले तर मी जाईन, इतका सरळ हिशेब माझ्यापुढे होता.

टाकाच्या मागे सोनाराचं बारीक नाव ठोकलेलं होतं. पाचव्या आठवड्यात, परीक्षेची ड्यूटी आहे अशी थाप मारून, मी तो टाक डब्याच्या पिशवीत घातला आणि कृष्णपुऱ्याजवळच्या गल्लीत त्या नावाचं दुकान शोधून काढलं. चिंतामणजी नावाचे म्हातारे गृहस्थ होते. टाक हातात घेताच म्हणाले, हा तर आपल्याच हातचा. बनवून घ्यायला कोण आलं होतं, असं मी विचारलं.

"लडका स्वतः आला होता ना. पहिल्या बायकोचा आहे म्हणाला. मी म्हटलं फोटो दे, चेहरा जमवतो. तर म्हणाला, चेहरा कसाही करा, पण आजच्या आज द्या." त्यांनी जरा आठवलं. "वसंत पंचमीच्या दोन दिवस आधी."

मी टाक पिशवीत टाकला आणि बाहेर येऊन नदीकाठी होळकरांच्या छत्रीच्या पायरीवर बसले. वसंत पंचमीच्या दोन दिवस आधी म्हणजे त्यांनी मागून घेतलेल्या त्या तीन दिवसांत. मला बघून गेले तेव्हा ती बाई जिवंत होती. होकार आला तेव्हा नव्हती. शेजारी एक कुटुंब कणीस खात होतं, मुलं पायऱ्यांवर पळत होती, आणि मी ते दिवस बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होते.

पोलिसांत जाऊन काय सांगणार होते? एक साफ घर आणि एक नवा टाक? मी संध्याकाळी परत गेले, टाक जागेवर ठेवला, जेवले. रविवारी आईसाहेबांनी तुपात बुडवलेले दाल-बाफले केले होते. जेवणं अंगावर आली आणि दुपारी माझा डोळा लागला. जाग आली ती चेहऱ्यावर सावली पडली म्हणून. डोळे किलकिले केले तर यश माझ्यावर वाकलेला होता आणि त्याचा उघडा पंजा माझ्या नाकातोंडापासून दोन बोटांवर होता. माझे डोळे उघडलेले पाहून तो दचकून मागे सरला, डास होता, म्हणाला, आणि खोलीबाहेर गेला. मार्चच्या त्या दुपारी घरात एकही डास नव्हता.

त्यानंतरचा आठवडा मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. यशला नेहमीप्रमाणे शनिवारी उशीर होणार होता. मला घरी सोडून तो कामावर परत गेला. मी हातपायही न धुता देव्हाऱ्यातला टाक उचलला आणि डाळ निवडत बसलेल्या आईसाहेबांपुढे ठेवला.

"ही कशी मेली?"

त्यांनी परात बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मेली नाही, बेटा. मेली असती तर अजून काय हवं होतं. चप्पल घाल, तुला दाखवते."

का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा भीतीचाही कंटाळा येतो. रिक्षात बसताना मी शाळेतल्या कस्तुरीला लोकेशन पाठवलं आणि लिहिलं, दोन तासांत फोन केला नाही तर पोलिसांत जा. आईसाहेब वाटभर जपाची माळ ओढत होत्या. सांवेर रोडला रिक्षा वळली, यशच्या कारखान्याच्या मागच्या कच्च्या रस्त्याला लागली, आणि एका रिकाम्या प्लॉटपाशी थांबली. कोपऱ्यात पत्र्याची बंद शेड होती. एका बाईला इथे कोंडून ठेवलंय, माझ्या मनात आलं, सहा आठवडे, या उन्हात. आईसाहेब शेडकडे निघाल्या. मी मागून गेले.

शेड ओलांडून त्या पलीकडे गेल्या आणि एका रुईच्या झाडासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

झाड कमरेच्या वर होतं. बुंध्याला विटलेला हळदीचा दोरा, एका फांदीवर काळ्या मण्यांची पोत, खाली फिकट झालेलं कुंकू. आणि वरपासून खालपर्यंत जांभळट फुलांनी लगडलेलं.

आईसाहेबांनी तिथेच दगडावर बसून सगळं सांगितलं. यशच्या पत्रिकेत पहिली बायको वर्षाच्या आत जाईल असा योग निघाला होता. अशा मुलाचं लग्न आधी रुईशी लावतात. रुई पहिली बायको होते, अरिष्ट ती घेऊन जाते, आणि घरात येणारी मुलगी दुसरी ठरते. ते तीन दिवस त्यासाठी हवे होते. मला सांगितलं असतं तर केमिस्ट्रीची बाई, मी हसले असते किंवा नाही म्हणाले असते. गुरुजी म्हणाले होते, चाळीस दिवसांत झाड सुकेल आणि तुम्ही सुटाल; नाही सुकलं तर सूनबाईला वर्षभर जपा. त्याला तोडायचं मात्र नाही, कारण ती लग्नाची बायको. आणि दुसरी उंबरठा ओलांडायच्या आधी पहिलीचा टाक देव्हाऱ्यात हवा, म्हणून आईसाहेबांनी तो घाईघाईनं करून घेतला होता. आता तेच त्यांना खात होतं. जित्या बाईचा टाक कुणी करतं का? तिचा अपमान झाला, म्हणून ती सुकायच्या ऐवजी फुलतेय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. चाळीस दिवस परवाच संपले होते.

मला हसू फुटलं. सहा आठवड्यांची भीती एकदम बाहेर पडत होती, मला ते आवरेना. आईसाहेब रागावल्या नाहीत. त्यांनी पदराखालून एक काळा दोरा ओढून काढला. त्याला चांदीची पुतळी होती, घासून चेहरा गेलेली.

"ही यशच्या बाबांची पहिली. त्यांच्या पत्रिकेत हाच योग होता, तेव्हा कोणी मानला नाही. दहा महिने झाले होते लग्नाला. स्टोव्हचा भडका झाला." त्यांनी पुतळी मुठीत धरली. "ती गेली म्हणून मी आले. पंचेचाळीस वर्षं हिला आधी दाखवून मग मी घास घेते. मला तुझा टाक नाही करायचा, बेटा."

माझं हसू तिथेच थांबलं. मी त्यांच्या शेजारी बसले.

यश आला तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो. शनिवारी शिफ्ट सुटली की तो इथे येऊन झाड सुकलं का बघायचा, हाच त्याचा उशीर होता. आम्हा दोघींना पाहून तो जागच्या जागी थबकला. मी त्याला सगळं सांगितलं, काही राखलं नाही. टाक, सोनाराचं दुकान, ते तीन दिवस, कडी, रक्ताच्या नळ्या, आणि रविवारची दुपार.

"मी तुझा श्वास बघत होतो," तो म्हणाला. "तू एकदम गप्प झोपली होतीस."

"मला वाटलं तुम्ही तो बंद करणार आहात."

त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही. मारलं असतं तरी माणूस असा दिसत नाही. त्यानं विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, पाचव्या दिवसापासून.

"मतलब इतके दिवस तू माझ्या बाजूला..." तो मातीतच बसला. मग म्हणाला की त्याचाही या सगळ्यावर विश्वास नाही, आईसाठी केलं होतं. "पण विश्वास नसला तरी भीती वाटते, शिखा. तू रस्ता क्रॉस करतेस तेव्हा वाटते. तुला आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला ते चाललं नसतं."

आणि एकदम उठून त्यानं रुईचा बुंधा दोन्ही हातांनी धरला. खलास करतो एकदाचं, म्हणाला. आईसाहेबांनी पदरात तोंड लपवलं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा मुलगा बायकोचा जीव घेत होता, त्यांच्यापुरतं ते तसंच होतं. आणि तो हे माझ्यासाठी करत होता. सहा आठवडे मी त्याला जे समजत होते, ते तो माझ्यासाठी व्हायला निघाला होता.

मी जाऊन त्याचं मनगट धरलं. "सोडा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दिसायचं बंद होईल."

मी ज्याला घाबरून आठवडाभर जागी होते तोच हा हात, आणि तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. त्यानं बुंधा सोडला. दोन पानं तुटून पांढरा चीक त्याच्या बोटांवर आला होता. मी पर्समधली पाण्याची बाटली काढली आणि त्याचा हात धुतला, एकेक बोट, बोटांच्या बेचक्यासकट. तो रडत होता आणि मला त्याची लाज वाटली नाही. कस्तुरीला ठीक आहे असा मेसेज केला. मग मी त्या दोघांनाही सांगितलं की यापुढे या घरात माझ्यापासून काही लपवायचं नाही, भीतीची गोष्ट असली तर मुळीच नाही. दोघांनी मान हलवली.

आता जुलै आहे. रुई माझ्या खांद्याला लागली आहे, पावसानं आणखी तरारली आहे. आईसाहेब म्हणतात, वर्ष पूर्ण व्हायला अजून सात महिने आहेत. मी म्हणते, मोजू नका, मुलांना मी काय शिकवते आणि घरात काय चाललंय. यश हसतो. आता तो मला रस्ता क्रॉस करताना बघतही नाही, निदान तसं दाखवतो.

परवा शाळेच्या जिन्यात माझा पाय घसरला. ओली फरशी होती. कठडा हाताला लागला म्हणून वाचले, नाहीतर सोळा पायऱ्या होत्या. मी तिथेच बसून राहिले, आणि डोळ्यांपुढे माझं डोकं फुटलेलं आलं नाही, यशचा चेहरा आला. संध्याकाळी तो न्यायला आला आणि रोजच्यासारखं विचारलं, दिवस कसा गेला.

मजेत, मी म्हटलं.